जुन्या फोटोंची डागडुजी: क्लोन स्टॅम्प कमी आणि नेमका कसा वापरावा

कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेले कृष्णधवल फोटो खराब होण्याची कारणे आपल्याकडे बहुधा ठरलेली असतात: पावसाळ्यातील दमट हवेत धरलेली बुरशी, अल्बमच्या जाड कागदाला लावलेला डिंक, कसरीने कुरतडलेल्या कडा आणि कुणीतरी पाकिटात बसवण्यासाठी मधोमध घातलेली घडी. असा फोटो स्कॅन करून संगणकावर उघडला की बरेच जण लगेच क्लोन स्टॅम्प, म्हणजे फोटोतल्या एका जागेचा नमुना उचलून दुसऱ्या जागेवर उमटवणारे साधन, हाती घेतात आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एकेक ठिपका पुसायला लागतात. या पद्धतीत पुष्कळ वेळ जातो आणि शेवटी फोटो स्वच्छ दिसला तरी जागोजागी गुळगुळीत चट्टे उरतात. क्लोनिंग लवकर व्हायला हवे असेल, तर क्लोन करण्याजोगे काम आधीच कमी करून ठेवावे लागते आणि उरलेल्या प्रत्येक जागेसाठी नमुना कुठून उचलायचा हे ब्रश टेकवण्यापूर्वी ठरवावे लागते. पुढील सूचना मुख्यतः या दोन गोष्टींविषयी आहेत.

सूचना देताना फोटोशॉप आणि मोफत मिळणारे गिम्प ही दोन सॉफ्टवेअर गृहीत धरली आहेत. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमधील साधनेही बरीचशी फोटोशॉपसारखीच आहेत. उदाहरणासाठी जुन्या घरांत हमखास सापडणारा एक फोटो डोळ्यांसमोर ठेवू. स्टुडिओतील रंगवलेल्या पडद्यापुढे बसलेले नवविवाहित जोडपे, पडद्यावर खांब आणि कठडा, नवरीच्या अंगावर जरीकाठाची नऊवारी, सगळीकडे पिवळट डाग आणि पांढरे ठिपके, आणि वरच्या कोपऱ्यातून निघून नवरीच्या खांद्यावरून पदरापर्यंत उतरलेली घडीची भेग.

ब्रश हाती घेण्यापूर्वी

स्कॅनरची काच आणि फोटो मऊ, कोरड्या ब्रशने झटकून घ्यावा, कारण अर्ध्या मिनिटात झटकता येणारी धूळ स्क्रीनवर पुसायला अर्धा तास लागू शकतो. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर तो ओढून काढू नये. ओढताना प्रतिमेचा थर काचेवर राहतो आणि तो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. अशा वेळी काचेसकट, दोन्ही बाजूंनी तिरका प्रकाश टाकून, कॅमेऱ्याने फोटो काढणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला तर २४०० बाय ३६०० पिक्सेलची, म्हणजे सुमारे ८६ लाख पिक्सेलची प्रतिमा मिळते आणि ती बहुतेक कामांना पुरते. १२०० डीपीआयला हीच संख्या चौपट होते, पण कागदावरच्या छापात तेवढा तपशील सहसा नसतो, त्यामुळे वाढतात ते प्रामुख्याने डागांचे पिक्सेल आणि आपले कष्ट. पाकिटात मावणारा लहान फोटो मोठा करून छापायचा असेल तेव्हाच १२०० चा आग्रह धरावा. फाइल टिफ स्वरूपात आणि स्कॅनर देत असेल तर १६ बिटची, म्हणजे उजेड-अंधाराच्या अधिक बारीक छटा नोंदवणारी, ठेवावी. गिम्पमध्येही २०१८ साली आलेल्या २.१० आवृत्तीपासून असे काम करता येते.

फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करावा, ही या टप्प्यावरील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल असतात. पिवळट किंवा तपकिरी डाग निळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये तो गडद दिसतो, तर लाल चॅनेलमध्ये जवळजवळ दिसतच नाही. फोटोशॉपमध्ये चॅनेल्स पॅनेलवर एकेक चॅनेल वेगळा पाहावा. लाल चॅनेल स्वच्छ असेल तर चॅनेल मिक्सरमध्ये मोनोक्रोम हा पर्याय निवडून सगळा भर लाल चॅनेलवर द्यावा. गिम्पमध्ये हेच काम मोनो मिक्सर करतो. जे डाग पुसायला संध्याकाळ गेली असती, ते अशा रीतीने एका मिनिटात फिके पडतात. फोटोवर निळ्या शाईचा शिक्का किंवा पेनाची रेघ असेल तर उलट निळा चॅनेल पाहावा, कारण निळी शाई तिथे सर्वांत फिकी दिसते. मात्र फोटो हाताने रंगवलेला असेल, म्हणजे गालांवर गुलाबी आणि साडीवर हिरवा हात फिरवलेला असेल, तर हा उपाय करू नये. त्यात मूळ रंगकामच नाहीसे होते.

रिकामा लेयर आणि नमुन्याचे नियम

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा थर. मूळ लेयरवर थेट क्लोनिंग करू नये. फोटोशॉपमध्ये वर एक रिकामा लेयर घ्यावा आणि क्लोन स्टॅम्पच्या पट्टीवरील सॅम्पल या यादीतून ‘करंट अँड बिलो’ निवडावे, म्हणजे नमुना खालच्या फोटोतून उचलला जातो आणि रंग वरच्या लेयरवर पडतो. ‘ऑल लेयर्स’ निवडले आणि वर उजेड-अंधार बदलणारा ॲडजस्टमेंट लेयर असला, तर त्याचा परिणाम नमुन्यात मिसळून तोच परिणाम दोनदा लागू होतो. दुरुस्त केलेली जागा आजूबाजूपेक्षा गडद किंवा फिकी का दिसते, या कोड्याचे उत्तर बहुधा इथेच असते. पडद्यासाठी एक, कपड्यांसाठी दुसरा आणि चेहऱ्यांसाठी तिसरा असे वेगळे लेयर ठेवले की चेहऱ्यावर हात बिघडला तरी पडद्याचे काम शाबूत राहते. गिम्पमध्ये क्लोन साधनासाठी ‘सॅम्पल मर्ज्ड’ चालू करून हीच रचना करता येते. तिथल्या हील साधनाला (नमुना आजूबाजूच्या रंगात मिसळवणारे हे साधन पुढे येईल) मात्र ज्यावर काम करायचे ते पिक्सेल त्याच लेयरवर लागतात, म्हणून त्यासाठी मूळ लेयरची प्रत काढून तिच्यावर काम करावे.

नमुना उचलण्यासाठी फोटोशॉपमध्ये ऑल्ट आणि गिम्पमध्ये कंट्रोल दाबून क्लिक करतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. नमुना ब्रशबरोबर कसा सरकतो याकडे मात्र कमी लक्ष जाते. ‘अलाइन्ड’ चालू असताना नमुना आणि ब्रश यांच्यातील अंतर व दिशा कायम राहते. माऊस सोडून दुसरीकडे पुन्हा टेकवला तरी नमुना तेवढ्याच अंतरावरून येतो. हा पर्याय बंद असेल तर प्रत्येक नवा फटकारा पहिल्या बिंदूपासूनच सुरू होतो. लांब भेगेच्या बाजूने सरकत जायचे असेल तेव्हा तो चालू ठेवावा. चांगल्या पोताची एकच लहान जागा उपलब्ध असेल आणि तिच्यातूनच आजूबाजूचे ठिपके झाकायचे असतील तेव्हा बंद करावा. गिम्पच्या अलाइनमेंट यादीत हेच दोन प्रकार ‘अलाइन्ड’ आणि ‘नन’ या नावांनी आहेत.

कळफलकाची सवय इथे खरोखर उपयोगी पडते. चौकटी कंसाच्या दोन कळा दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ब्रश लहान-मोठा करतात. फोटोशॉपमध्ये त्याच कळा शिफ्टसह दाबल्या तर ब्रशची कड मऊ किंवा कडक होते. एका टोकाला क्लिक करून दुसऱ्या टोकाला शिफ्टसह क्लिक केले की मधली सरळ रेघ आपोआप भरली जाते, आणि पडद्यावरच्या रंगवलेल्या खांबाची कड किंवा फोटोची पांढरी किनार दुरुस्त करताना याहून सोपा उपाय नाही. डाव्या हाताची बोटे कळफलकावर आणि उजवा हात माऊसवर ही बैठक जमली की साधनपट्टीकडे वारंवार जावे लागत नाही.

क्लोन कुठे आणि हीलिंग कुठे

क्लोन स्टॅम्प उचललेले पिक्सेल जसेच्या तसे उमटवतो. फोटोशॉप ७ मध्ये, म्हणजे २००२ साली, आलेला हीलिंग ब्रश नमुन्यातून केवळ पोत घेतो आणि रंग व उजेड त्या जागेच्या आजूबाजूचा ठेवतो. गिम्पमध्ये असे साधन २००७ च्या २.४ आवृत्तीपासून आहे. यावरून कामाची वाटणी सहज करता येते: जिथे उजेड हळूहळू बदलतो, जसे गाल, कपाळ, पडद्याचा मोकळा भाग, तिथे हीलिंग वापरावे, आणि जिथे स्पष्ट कड आहे, जसे पदराचा काठ, कोटाची कॉलर, खुर्चीचा हात, तिथे क्लोन वापरावे. कडेजवळ हीलिंग वापरले तर गडद बाजूचा रंग उजळ बाजूत झिरपतो आणि धुरकट डाग पडतो. तिथे आधी कडेचा तेवढाच तुकडा क्लोनने नीट जोडावा आणि मग उरलेल्या सपाट भागावर हीलिंग फिरवावे. कडेच्या अलीकडच्या भागाचे सिलेक्शन करून त्याच्या आत काम करणे हाही मार्ग आहे, पण घाईच्या कामात तो सहसा कुणी वापरत नाही.

सुटे ठिपके असतील तर फोटोशॉपचा स्पॉट हीलिंग ब्रश पुरेसा आहे. त्यात नमुना आपण उचलावा लागत नाही. ब्रश ठिपक्याहून थोडाच मोठा ठेवून एकदाच टेकवावा. पडदा पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलाच असेल तर एकेक टिपत बसण्यापेक्षा क्लोन स्टॅम्पचा मोड बदलावा. ‘डार्कन’ मोडमध्ये नमुन्याहून उजळ असलेले पिक्सेलच बदलतात, म्हणून मोठा ब्रश फिरवला तरी पांढरे ठिपके आणि ओरखडे तेवढे झाकले जातात आणि आधीच गडद असलेला पोत जागेवर राहतो. काळ्या डागांसाठी ‘लाइटन’ मोड याच रीतीने काम करतो. क्लोन स्टॅम्पमधील मला सर्वांत उपयोगी वाटणारी ही सोय आहे, आणि ती वापरणारे फार थोडे दिसतात.

भेग जोडताना

घडीच्या भेगेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच नमुना ओढत नेण्याचा मोह होतो. भेगेच्या एका बाजूचा उजेड दुसरीकडे थोडा वेगळा असतो, त्यामुळे अशा लांब फटकाऱ्याने भेग जाते पण तिच्या जागी पट्टा उमटतो. त्याऐवजी भेगेची डावी अर्धी जाडी डावीकडच्या नमुन्याने आणि उजवी अर्धी उजवीकडच्या नमुन्याने भरावी, म्हणजे जोड मधोमध येतो आणि तिथे उजेडाचा फरक सर्वांत कमी असतो. मग त्या जोडावरून हीलिंग ब्रशचा एक हलका हात पुरतो.

पदराच्या जरीकाठावर नमुना निवडण्याचे काम अधिक बारकाईचे होते. काठावरची नक्षी पुन्हा पुन्हा येते, म्हणून भेगेखाली गेलेल्या फुलासाठी त्याच काठावरचे वरचे किंवा खालचे फूल नमुना म्हणून मिळते. पण निऱ्यांमध्ये काठ वळत असल्यामुळे ते फूल थोडे तिरके लागते. फोटोशॉपच्या २००७ च्या सीएस ३ आवृत्तीत आलेल्या क्लोन सोर्स पॅनेलमध्ये नमुना फिरवता येतो, लहान-मोठा करता येतो आणि पाचपर्यंत वेगवेगळे नमुने राखून ठेवता येतात. ‘शो ओव्हरले’ चालू केले की नमुन्याची पुसट प्रतिमा ब्रशखाली दिसते आणि नक्षीची रेघ रेघेला जुळली का, हे क्लिक करण्याआधीच कळते. काठाची वरची धार आणि नक्षीचा मध्यबिंदू या दोन खुणा जुळल्या की बाकीचे आपोआप बसते. पडद्यावरच्या कठड्याचे दांडेही याच पद्धतीने पुन्हा उभे करता येतात.

ग्रेन आणि पुनरावृत्ती

क्लोन केलेली जागा ओळखू येण्याची मुख्य कारणे दोन. पहिले ग्रेनचे. जुन्या फोटोला स्वतःचा बारीक रवाळ पोत असतो. ऑपॅसिटी, म्हणजे ब्रशची अपारदर्शकता, ५० टक्के ठेवून एका पोतावर दुसरा पोत चढवला की दोन्हींची सरासरी होते आणि त्या जागेवरचा ग्रेन मूळच्या सुमारे ७० टक्केच उरतो. असे दोन-तीन थर चढले की जागा गुळगुळीत, पुसल्यासारखी दिसते. अगदी मऊ कडेच्या ब्रशनेही कडेकडेला हेच होते. म्हणून ग्रेन असलेल्या भागात ऑपॅसिटी १०० टक्के आणि ब्रशची हार्डनेस (कडेचा कडकपणा) साधारण ५० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. नमुना जुळत नसेल तर ऑपॅसिटी कमी करून भागवण्यापेक्षा दुसरा नमुना शोधावा.

‘डस्ट अँड स्क्रॅचेस’ फिल्टर संपूर्ण फोटोला लावणाऱ्यांच्या हातून ग्रेन सरसकट जातो. हा फिल्टर लावायचाच असेल तर लेयरच्या प्रतीवर लावावा, मास्कने, म्हणजे लेयरचा हवा तो भाग लपवणाऱ्या झाकणाने, ती प्रत पूर्ण झाकावी आणि पडद्याच्या खराब भागापुरतीच उघडावी. सगळी दुरुस्ती झाल्यावर ५० टक्के करड्या रंगाचा, ओव्हरले मोडमधला एक लेयर वर ठेवून त्यात थोडा नॉइज (ग्रेनसारखे बारीक कण) घातला तर दुरुस्त केलेल्या आणि न केलेल्या जागा एकजीव दिसू लागतात.

दुसरे कारण पुनरावृत्तीचे. ऑगस्ट २००६ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने बैरुतवरील हवाई हल्ल्यानंतरच्या धुराचे एक छायाचित्र मागे घेतले, कारण त्यातील धुराचे लोट क्लोन करून वाढवलेले होते आणि एकसारखे गोळे ओळीने उमटलेले पाहून वाचकांनीच ते ओळखले. त्यानंतर त्या छायाचित्रकाराची ९२० छायाचित्रे संस्थेने आपल्या संग्रहातून काढली. बातमीच्या छायाचित्रात क्लोन वापरणेच गैर आहे, तो प्रश्न वेगळा. पण एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा नमुना घेतला की डोळा ते किती सहज पकडतो, हे त्या प्रसंगातून दिसते. पडद्यासारख्या मोठ्या भागात दर दोन-तीन फटकाऱ्यांनंतर नमुना बदलावा, आणि तोही वेगवेगळ्या दिशांनी घ्यावा. तपासणीसाठी सर्वांत वर एक कर्व्हज लेयर (उजेड-अंधार रेषेने बदलणारा ॲडजस्टमेंट लेयर) ठेवून त्या रेषेचा उतार मुद्दाम खूप तीव्र करावा. त्या भडक उजेडात आवर्तने, चट्टे आणि राहिलेले ठिपके उघडे पडतात. तपासून झाल्यावर तो लेयर बंद करावा.

ही तपासणीही १०० टक्के आकारातच करावी. ४०० टक्क्यांना दिसणारा आणि १०० टक्क्यांना न दिसणारा ठिपका छापातही दिसत नाही, आणि त्याच्यामागे घालवलेला वेळ वाया जातो.

चेहरे सर्वांत शेवटी

पडदा आणि कपडे झाल्याशिवाय चेहऱ्याला हात लावू नये, कारण तोपर्यंत हात बसलेला असतो आणि किती दुरुस्ती पुरेशी आहे याचा अंदाज आलेला असतो. चेहऱ्यावर सगळेच ठिपके डाग नसतात. हनुवटीवर किंवा कपाळावर हिरवट गोंदण असते, मंगळसूत्राचे काळे मणी आणि नथीतल्या मोत्यांवरची चमक धुळीसारखी दिसू शकते, आणि देवीचे व्रण तर जुन्या पिढीच्या कित्येक चेहऱ्यांवर होते. भारतात देवीच्या रोगाचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ मध्ये नोंदला गेला. स्पॉट हीलिंग ब्रशला यातला फरक कळत नाही. शंका येईल ती जागा तशीच ठेवून घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. आजीच्या हनुवटीवरचे गोंदण पुसलेला फोटो कितीही स्वच्छ असला तरी घरात तो कुणी मान्य करत नाही.

एक डोळा भेगेखाली गेला असेल तर दुसरा डोळा उलटवून तिथे बसवण्याची युक्ती बऱ्याच ठिकाणी सुचवली जाते. ती जपून वापरावी. स्टुडिओतला प्रकाश एका बाजूने येत असतो आणि बुबुळावरची चमक त्या बाजूची असते. उलटवलेल्या डोळ्यात ती विरुद्ध बाजूला जाते आणि नजर चमत्कारिक दिसते. पापणीची कड आणि भुवई उसनी घ्यावी, पण बुबुळाचा जेवढा भाग मूळचा शिल्लक आहे तो जपावा आणि चमक योग्य बाजूला वेगळी ठेवावी. फोटोशॉपमध्ये २०२३ पासून आलेले जनरेटिव्ह फिल पडद्याचा फाटलेला कोपरा झटकन भरून देते आणि तिथे ते वापरायला हरकत नाही, पण चेहऱ्यावर ते जे काढते तो दुसऱ्याच माणसाचा चेहरा असतो. गालाचा तुकडा पूर्ण गेला असेल तर त्याच माणसाचा त्याच काळातला दुसरा फोटो शोधून त्यातला भाग जुळवणे अधिक प्रामाणिक ठरते.

काम संपल्यावर लेयरसह फाइल पीएसडी (फोटोशॉप) किंवा एक्ससीएफ (गिम्प) स्वरूपात ठेवावी आणि मूळ स्कॅन वेगळ्या नावाने, हात न लावता, जपावा. शार्पनिंग अगदी शेवटी, छापायचा आकार ठरल्यावर आणि प्रतीवरच करावे. आधी केले तर क्लोनचे जोडही तेवढेच ठळक होतात. मोठा छाप काढण्यापूर्वी भेग जिथून गेली होती तेवढाच भाग कापून त्याचा लहान छाप चकचकीत आणि मॅट अशा दोन्ही कागदांवर काढून पाहावा, कारण स्क्रीनवर न दिसलेला गडद भागातला चट्टा चकचकीत कागदावर हमखास वर येतो, आणि त्या लेयरवर परत जाऊन तो दुरुस्त करण्याची वेळ तेव्हा अजून हातात असते.